तळ्याकाठचा निळा संडास

हृदयाच्या डॉक्टरांनी लोरेटाला, म्हणजे माझ्या बायकोला, दोन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. रोज सकाळी अंगातलं पाणी लघवीवाटे उतरवायची गोळी घ्यायची आणि रोज सकाळी सपाट रस्त्यावरून चालायचं. एकाच बाईला एकाच सकाळी या दोन्ही गोष्टी करायला सांगताना डॉक्टरांनी वाटेत कुठेतरी एक संडास गृहीत धरला होता. तसा तो होताही.

आमच्या गावात सपाट म्हणावा असा एकच रस्ता, तळ्याकाठचा. बाकीचं गाव जुन्या तांब्याच्या खाणींवर वसलंय, त्यामुळे इथे माणूस एक तर चढत असतो नाही तर उतरत असतो. तळं आणि भोवतालचं जंगल केंद्र सरकारचं. होड्या पाण्यात सोडायचा जो उतार आहे, त्याच्या शेजारी दोन दारांचा लाकडी संडास. त्याची स्तुती करावी असं काही नव्हतं. उन्हाळ्यात आत काळ्या माश्या असायच्या आणि हिवाळ्यात बर्फ. पण दार उघडायचं. संडासाच्या दाराकडून माणसाची याहून मोठी अपेक्षा नसते.

मे महिन्यात बर्फ वितळलं, आम्ही चालायला गेलो आणि बघतो तर दोन्ही दारांना कुलपं. वर पाटी: 'कर्मचारी उपलब्ध नसल्याने पुढील सूचनेपर्यंत बंद.' लोरेटाने पाटी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आर्विड, गाडीकडे चल. बोलू नकोस. हसवू तर अजिबात नकोस."

त्या सकाळी मी गाडी कशी हाणली ते पोलिसांच्या कानावर न गेलेलं बरं. पण घरी पोचल्यावर, न्हाणीघराच्या बंद दाराबाहेर उभं राहून मी लोरेटाला शब्द दिला. "ते कुलूप मी काढून दाखवीन."

आतून आवाज आला, "आधी तू कॉफी टाक."

कर्मचारी उपलब्ध का नव्हते, ते सगळ्यांनाच माहीत होतं. नव्या राष्ट्राध्यक्षांच्या प्रशासनाने काटकसर काढली होती आणि ती काटकसर वॉशिंग्टनहून निघून, वाटेतली मोठमोठी शहरं टाळून, थेट आमच्या तळ्यावर येऊन थांबली होती. वनखात्याच्या आमच्या कचेरीतली माणसं एका इमेलने घरी गेली. उरला एकटा केंडल. तो आमच्या शेजाऱ्याचा, वर्न ओयालाचा, जावई. त्यालाही काढलं होतं, मग चुकून काढलं म्हणून परत बोलावलं होतं. मी कचेरीत गेलो तेव्हा तो रिकाम्या टेबलांच्या मधोमध बसून कुणाच्या तरी मागे राहिलेल्या कुंडीला पाणी घालत होता.

"किल्ली आहे काका," तो म्हणाला. "पण साफसफाईचं कंत्राट रद्द झालंय. साफ होत नसेल तर उघडायचं नाही, असा नियम आहे."

"मी साफ करतो."

"मग तुम्हाला स्वयंसेवक व्हावं लागेल."

"झालो."

"असं होता येत नाही. स्वयंसेवकांची नेमणूक एक बाई करायच्या."

"त्या कुठे आहेत?"

केंडलने कुंडीकडे बघितलं. "ही त्यांचीच."

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. माझा जन्म चष्मे करण्यात गेला. तालुक्यातली सगळी माणसं माझ्या दुकानात येऊन भिंतीवरची अक्षरं वाचून गेलीत. आमच्याकडे पक्षांना रंग असतात. राष्ट्राध्यक्षांचा पक्ष तांबडा, विरोधकांचा निळा. आणि तक्त्यावरची शेवटची ओळ ना तांबड्यांना दिसते ना निळ्यांना, हे मी धंद्यातल्या अनुभवावरून सांगू शकतो. मी स्वतः कुठल्या रंगाचा, हे मी कुणाला कधी कळू दिलं नव्हतं. गिऱ्हाईक नाकावर चष्मा चढवत असताना त्याच्याशी राजकारण बोलू नये. तो आधीच घाबरलेला असतो.

तर मला वाटलं, संडास हा तरी बिनरंगी विषय असेल.

घरी येऊन कुंपणापाशी वर्नला सगळं सांगितलं. वर्न म्हणजे माझा लहानपणापासूनचा मित्र. आम्ही एका होडीत मासे धरले, एका सॉनाच्या वाफेत घाम गाळला. पण गेल्या निवडणुकीपासून त्याच्या अंगणात राष्ट्राध्यक्षांच्या नावाचा झेंडा होता आणि आमच्या बोलण्यात हवापाणी सोडून दुसरं काही नव्हतं.

"देशाचं दिवाळं निघत होतं, आर्विड," वर्न म्हणाला. "कुठे ना कुठे कुलूप लागणारच."

"मग ते नेमकं लोरेटाच्या संडासालाच का लागावं?"

"जंगल आहे की एवढं! झाडं काय कमी आहेत?"

"वर्न, तिचा खुबा बदललाय. ती झाडामागे बसली तर मला क्रेन बोलवावी लागेल."

वर्नला हसू आलं होतं, पण त्याने ते झेंड्याकडे बघून आवरलं. "थोडा त्रास सहन करायला शिका," असं म्हणून तो आत गेला. त्याच्या अंगणातलं गवत त्याने त्या दिवशी दोनदा कापलं. एरवी वर्न गवताला इतकं महत्त्व देत नाही.

मग मी मार्गो ट्रेपनियरकडे गेलो. ती आमच्या वाचनालयाची निवृत्त ग्रंथपाल आणि गावातल्या निळ्यांची पुढारी. दर शनिवारी गावातल्या एकमेव सिग्नलपाशी ती आपली माणसं आणि फलक घेऊन उभी राहते. मला वाटलं, ही तरी कुलूप उघडायला मदत करील. तर ती खुर्चीतून उठूनच उभी राहिली.

"उघडायचं? वेडा आहेस का तू? अरे, ते कुलूप म्हणजे आपलं हत्यार आहे! लोकांना कळू दे यांनी काय करून ठेवलंय ते!"

"कळेल गं, पण तोवर लोरेटाने काय करायचं?"

"लोरेटा!" मार्गोचे डोळे चमकले. "तिचा एक फोटो मिळेल?"

मी नको म्हटलं. निदान म्हटल्याचं मला आठवतंय. पण मार्गोने वाचनालयात अनेकांना 'शांत बसा' सांगितलेलं असल्याने तिच्यापुढे माणसाचा आवाज फुटत नाही. त्याच आठवड्यात तालुक्याच्या साप्ताहिकात पहिल्या पानावर फोटो. मागे कुलूप, पुढे लोरेटा, एक पाय दुसऱ्यावर घट्ट आवळलेला आणि खाली मथळा: 'धोरणाचा पहिला बळी'.

लोरेटाने पेपर घडी घालून माझ्या ताटाशेजारी ठेवला. "माझ्या आईच्या मृत्यूची बातमी यांनी सातव्या पानावर छापली होती," ती म्हणाली. "आणि मला मुतायला लागली तर पहिलं पान."

दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात कुणीतरी लहान मुलाचं शी करायचं भांडं आणून ठेवलं. त्यात तांबड्या पक्षाचा कागदी झेंडा खोचलेला. चर्चमध्ये दोन बाकं आमच्यापासून सरकून बसली. जन्मभर रंग लपवला आणि शेवटी लघवीवरून मी निळा ठरलो! बरं, निळ्यांनी तरी जवळ करावं? मी कुलूप काढायच्या खटपटीत आहे म्हटल्यावर त्यांनी मला फितूर ठरवलं. सिग्नलपाशी मला पाहून मार्गोच्या एका मैत्रिणीने फलक उलटा धरला. मागच्या बाजूला काहीच लिहिलेलं नव्हतं, पण अपमान व्हायचा तो झालाच.

मी ठरवलं, आता वर जायचं. खासदारांना भेटायचं. पण मागच्या सभेत लोकांनी आरडाओरडा केल्यापासून खासदार माणसांत येत नसत. ते टेलिफोनवर सभा घेत. तुम्ही घरी फोन कानाला लावून बसायचं आणि नशीब असेल तर तुमचा प्रश्न सगळ्या जिल्ह्याला ऐकू जायचा. मी कोट घालून बसलो. लोरेटा म्हणाली, फोनवर कोट दिसत नाही. मी म्हटलं, आवाजात येतो.

आणि नंबर लागला की! "बोला, आर्विड," खासदार म्हणाले. रात्रभर घोटलेलं भाषण कुठल्या कुठे गेलं.

"साहेब, आमच्या तळ्यावरचा संडास प्रशासनाने बंद केलाय. माझ्या बायकोचं हृदय..."

"फार महत्त्वाचा प्रश्न," खासदार म्हणाले. "म्हणूनच आम्ही सीमा बंद करत आहोत."

"सीमा बंद करा साहेब, हरकत नाही. संडास उघडा."

टक् असा आवाज झाला आणि पुढचा प्रश्न विचारणारे गृहस्थ राष्ट्राध्यक्षांचं अभिनंदन करू लागले. दुसऱ्या दिवसापासून गावात मला बघितलं की पोरंसोरं "सीमा बंद, संडास उघडा" म्हणू लागली. वर्नच्या अंगणातूनही कुणीतरी म्हटल्यासारखं मला वाटलं.

आता दुसरा एखादा असता तर गप्प बसला असता. माझ्या मनातही ते येऊन गेलं. पण त्या आठवड्यात डॉक्टरांनी लोरेटाचे पाय दाबून बघितले. बोट दाबलं तिथे खळगा तसाच राहिला; पाणी साठलं होतं. "चालणं बंद केलंत का?" त्यांनी विचारलं. लोरेटा म्हणाली, "हवा वाईट आहे." जून महिना होता आणि खिडकीबाहेर लख्ख ऊन पडलं होतं. घराच्या दारात पोचल्यावर मी म्हटलं, "सरकारचा संडास उघडत नसेल तर मी दुसरा आणतो."

तळ्याकाठची एक चिंचोळी पट्टी गावाच्या मालकीची आहे. लग्नात, जत्रेत उभे करतात तसला प्लॅस्टिकचा संडास भाड्याने आणून तिथे ठेवायचा, एवढीच माझी मागणी. त्यासाठी गावच्या बोर्डाची सभा भरली. इतर वेळी या सभेला बोर्डाचे सदस्य आणि एक कुत्रा असतो. त्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती. मधली वाट सोडून डावीकडे निळे, उजवीकडे तांबडे. मी कुठे बसावं ते न कळल्याने वाटेतच उभा राहिलो, तर अध्यक्ष म्हणाले, आग लागली तर वाट मोकळी हवी.

तांबड्यांचं म्हणणं, संडास आणला म्हणजे राष्ट्राध्यक्ष चुकले असं गावाने कबूल केल्यासारखं होईल. निळ्यांचं म्हणणं, संडास आणला म्हणजे राष्ट्राध्यक्षांचं पाप गावाने झाकल्यासारखं होईल. इतक्या वर्षांत दोन्ही बाजूंचं प्रथमच एकमत झालं होतं आणि ते माझ्या विरोधात होतं. मी हात वर केला आणि मला सुचलं तेवढंच बोललो. "माझ्या बायकोला चालायचंय. एवढंच."

मग मागून कुणीतरी विचारलं, "रंग कोणता?"

"कशाचा?"

"संडासाचा!"

भाड्याने देणाऱ्या कंपनीकडे फक्त निळे होते. झालं! उजवी बाजू उठून उभी राहिली. तांबडा मागवा म्हणाले. तांबडा मिळत नाही. मग हिरवा? हिरवा म्हणजे पर्यावरणवाल्यांचा डाव. तपकिरी सुचवणाऱ्या माणसाला आपण काय बोललो ते बोलल्यावर समजलं आणि तो खाली बसला. शेवटी अध्यक्षांनी घाम पुसत निकाल दिला. चार जुलैच्या, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या, सणापुरता, प्रायोगिक तत्त्वावर, निळा. पण दारावर राष्ट्रध्वज चिकटवायचा. त्यावर एक म्हातारा सैनिक उठला आणि म्हणाला, संडासाच्या दारावर माझा झेंडा लावाल तर याद राखा. तो मुद्दा बाकी दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवून मान्य केला. झेंडा रद्द झाला, निळा संडास मंजूर.

तो आला. मी स्वतः त्याच्या चारी कोपऱ्यांखाली फळ्या घालून तो समतल केला, आत साबण ठेवला, लोरेटाने जुन्या पडद्याचा टॉवेल केला. पहिल्या सकाळी ती तळ्याला अर्धी फेरी मारून आली, आत गेली, बाहेर आली आणि काठी टेकत उरलेली अर्धी फेरी मारायला निघाली. मी मागून बघत राहिलो. मला आयुष्यात कुणी मेडल दिलेलं नाही, पण ते कसं वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

आणि मग चार जुलै उजाडला.

सणाच्या दुपारी तळ्यावर तांबड्यांची होड्यांची मिरवणूक असते. त्याच दुपारी मार्गोने निळ्यांचा निषेध मोर्चा तळ्यावरच काढला. मी त्या वेळी कुठे होतो? साबण बदलायला गेलो होतो. गेलोच आहे तर म्हणून दार लावून बसलो होतो. बाहेर ढोल ऐकू आले, मग एका ट्रकचा भोंगा, आणि मग धप्प असा आवाज होऊन सगळा संडास हलला.

झालं होतं ते असं. वर्न आपला ट्रक मागे घेत होता, मागे होडीचा गाडा. पाण्याकडे वळताना समोरून मार्गोचा मोर्चा आला. वर्न पुढे जाईना, मोर्चा मागे हटेना आणि वर्नच्या होडीचा गाडा माझ्या दाराला टेकून उभा राहिला. मी दार ढकललं. बोटभर उघडलं. त्यातून मला फक्त होडीचं नाव दिसत होतं.

"वर्न!" मी ओरडलो. "मार्गो! अरे, मी आत आहे!"

ढोल, भोंगा, घोषणा. माझा आवाज प्लॅस्टिकला आपटून परत माझ्याच कानात येत होता. ऊन तापत होतं आणि आत ते कसं वाटत होतं, याचं वर्णन मी वाचकांच्या जेवणाचा विचार करून टाळतो.

"ट्रक पुढे घे!" मार्गोचा आवाज.

"तुझे फलक बाजूला कर, मग घेतो! सणाच्या दिवशी तरी देशाला नावं ठेवू नका!"

"देशाला नाही, तुझ्या लाडक्या माणसाला ठेवतोय! त्यानं काय केलं ते तुला घरात दिसत नाही का रे? परवा तुझ्या जावयालाच परत काढलं ना? दुसऱ्यांदा! आणि तू झेंडा मिरवतोस!"

ढोल थांबला. कसा कोण जाणे, पण भोंगाही थांबला. मला बाहेरचं काही दिसत नव्हतं. मी वर्नच्या उत्तराची वाट बघत होतो. वर्नला उत्तर नाही असं कधी झालेलं मला आठवत नाही. पण त्या दिवशी काहीच आलं नाही. केंडलची नोकरी गेल्याचं त्याने कुणाला सांगितलं नव्हतं; मार्गोला ते बाहेरून कळलं असणार. मलाही नाही. मी शेजारी. परवाही त्याने दोनदा गवत कापलं होतं आणि मला वाटत राहिलं होतं की तो माझ्यावर रागावलाय.

त्या शांततेत मला ओरडता आलं असतं. सगळ्यांना ऐकू गेलं असतं. पण मी दारावरचा हात काढून घेतला.

मग काठीचा आवाज आला. ठक, ठक, ठक. आणि लोरेटाचा. "बाजूला व्हा. मला आत जायचंय."

कुणी हललं नाही.

"मार्गो," ती म्हणाली, "माणूस पडलेला असताना त्याच्या अंगावरून मोर्चा नेऊ नये. आणि वर्न, पोराची नोकरी गेली त्यात तुझी काय रे लाज? आमच्याकडे यायचंस, जेवायचंस. आता ती होडी हलव. माझी गोळी तुमच्या सभेसाठी थांबणार नाही."

ट्रक सुरू झाला, गाडा सरकला, दार उघडलं आणि मी गावच्या समस्त मतदारांसमोर, घामाने निथळत, हातात साबण घेऊन बाहेर आलो. एकही माणूस हसला नाही. मला तेच जास्त लागलं.

"तू आत होतास?" वर्न म्हणाला.

"होतो."

"ऐकलंस?"

"ऐकलं."

तो ट्रकमध्ये बसून निघून गेला. मार्गो फलक खाली टेकवून उभी होती. नंतर तिने मला सांगितलं की त्या रात्री तिला झोप लागली नाही. मी म्हटलं, हे मला सांगून काय उपयोग?

सणापुरती मंजुरी संपली, म्हणून पुन्हा सभा भरली. पुन्हा डावे-उजवे, पुन्हा मधली वाट. मी बोलायला उठणार तेवढ्यात उजवीकडून वर्न उठला. टोपी हातात होती. चर्च सोडून दुसरीकडे कुठे मी त्याला टोपी काढलेलं पाहिलं नव्हतं.

"मी राष्ट्राध्यक्षांना मत दिलं," तो म्हणाला. "त्याची मला लाज नाही. पण माझा जावई त्या तळ्यावर चांगलं काम करत होता. बर्फातसुद्धा. त्याला दोनदा काढलं, एकदाही कुणी कारण सांगितलं नाही. मला ते पटलेलं नाही. संडास राहू दे. सफाई मी करीन." आणि तो खाली बसला.

मार्गो टाळी वाजवायला उठत होती. शेजारी बसलेल्या लोरेटाने तिचा हात धरून तो खाली मांडीवर ठेवला. पुष्कळदा टाळी न वाजवण्यानेच माणसाचा मान राहतो. मार्गोला ते कळलं. थोड्या वेळाने ती उठून एवढंच म्हणाली, "एक आठवडा मी करीन." मंजुरी मिळाली. केंद्राच्या संडासाला कुलूप तसंच आहे आणि दर सोमवारी मी खासदारांच्या कचेरीला फोन करतो. तिथली मुलगी आता माझा आवाज ओळखते. परवा तिने लोरेटाचे पाय कसे आहेत ते विचारलं. मी फोन करणं सोडणार नाही.

पहिल्या सफाईच्या दिवशी वर्न बादली घेऊन माझ्या दारात आला. दोघं मिळून गेलो. आत जागा एका माणसाची आणि आम्ही दोन म्हातारे, एक ब्रश, एक फडकं.

"पुढच्या वेळीसुद्धा मी कदाचित त्यांनाच मत देईन," वर्न भिंत घासत म्हणाला. "आधीच सांगून ठेवतो."

"दे. मी तुझ्याशी भांडेन."

"भांड की. तुझा रंग कोणता ते तरी कळेल."

"कोपऱ्यात राहिलंय बघ."

"तू सरकलास तर दिसेल. आणि हे आयातीवरचे कर वाढवले ना, ते मात्र बरोबर..."

"कुठून बरोबर? तुझ्या होडीचं इंजिन कुठून आलं ते सांग आधी!"

"ते वेगळं!"

"वेगळं कसं?"

दारावर काठी वाजली. ठक, ठक. "आत कोण भांडतंय?" लोरेटा बाहेरून म्हणाली. "तळ्याची फेरी झाली माझी."

आम्ही दोघं एकदम उठलो, एकदम वळलो आणि दारात अडकलो.

"तू आधी," मी म्हटलं.

"नाही, तू आधी," वर्न म्हणाला.

"कुणीही आधी निघा रे!" लोरेटा ओरडली. "पण निघा!"